टेकडीवरची उभी बाई

ताई,

तुझ्या तेरवीच्या पंगतीत मी वाढायला उभी होते. वांग्याची भाजी, वरण, पोळ्या, बुंदी. ज्या लोकांनी गेल्या दीडएक वर्षात तुझ्या घरचं पाणी तोंडाला लावलं नाही, ते पोळीवर तूप मागून घेत होते. "बुंदी इकडं येऊ द्या जी," म्हणून हाका मारत होते. एकाने तर बोटं चाटत मला सांगितलं, "वत्सलाबाईच्या हातचीच चव उतरली भाजीत." तुझ्या हातची भाजी त्याने शेवटची कधी खाल्ली होती, हे त्याला विचारणार होते. पण माझ्या हातात गरम वरणाची बादली होती. मी पुढच्या पानाकडे गेले.

जेवणं आटोपल्यावर तुझा धाकटा दीर पुंडलिक बोलायला उभा राहिला. त्याने डोळ्यांना रुमाल लावला. "माही वयनी लय धार्मिक बाई होती," म्हणाला. "देवळाचा हार कदी चुकला नाही तिचा." लोकांनी माना हलवल्या. तो हार कोणी बंद केला, हे त्या मांडवातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

आणि चौकात त्याने तुझा फ्लेक्स लावलाय. 'भावपूर्ण श्रद्धांजली.' तुझा फोटो वरच्या कोपऱ्यात, खाली हात जोडलेला पुंडलिक तुझ्या दुप्पट मोठा, आणि बाजूला त्याच्या पक्षाच्या लोकांची ओळ. तो फोटो कुठला आहे हे मला बघताक्षणी कळलं. तू मान वर करून काहीतरी बघतेस, डोळे भरलेले. तुझ्या मागे गावच्या देवळाचा कळस चिकटवलाय. तू तेव्हा देवळात नव्हतीस, ताई. तू टेकडीवर होतीस. ज्या व्हिडिओवरून या लोकांनी तुला गावात राहून गावाबाहेर काढलं, त्यातूनच तुझा चेहरा कापून त्यांनी आपल्या बॅनरवर लावला.

गोठ्यामागे जाऊन मी ओकून आले. दिवसभर लॅबमध्ये लोकांचं रक्त आणि थुंकी हाताळणारी मी, मला इतक्या वर्षांत कधी ओकारी आली नव्हती.

तुला सगळं ठाऊक आहे. तरी तुझ्या माघारी जे सांगितलं जातंय ते ऐकल्यावर, झालं तसं एकदा तुझ्यासमोर बोलून काढल्याशिवाय मला अकोल्याला परत जाववणार नाही.

टेकडीचा संबंध तुझ्या फुलांमुळे आला. आपण माळ्याच्या पोरी, आणि भातकुलीला तू पडलीस तीही माळ्याच्याच घरात. विहिरीजवळचा तो तुकडा, त्यात झेंडू आणि शेवंती. माल अमरावतीच्या बाजारात जायचा. तिथल्याच कोणीतरी तुला सांगितलं, की सातपुड्याच्या पायथ्याला ख्रिस्ती लोकांची एक टेकडी आहे, थंडी उतरताना तिथे मोठी यात्रा भरते आणि फुलांना तुटवडा असतो. मग दरवर्षी तू टेकडीखाली ताडपत्री टाकून बसायला लागलीस. तुझ्या शेजारी मेणबत्त्या विकणारी अग्नेसबाई. जाडजूड, मोठ्या आवाजाची, नवरा लवकर गेलेली. तुमच्या दोघींचं जमलं. तिच्याकडे मेणबत्ती घेतली की ती गिऱ्हाइकाला तुझ्याकडे ढकलायची, आणि तू तिच्याकडे.

वर्षानुवर्षं तू वर कधी गेलीच नाहीस. मी विचारायची तर म्हणायचीस, "गिऱ्हाईक सोडून वर कोन जाईन?" आधी वर एक छोटी कपार होती आणि तिच्यात मरियामातेची हातभर मूर्ती. खालून काही दिसत नसे. मग त्यांनी वर मोठा पुतळा उभा केला. पांढरा, सिमेंटचा, निळ्या पट्ट्याचा. एसटी वळण घेते तिथूनच दिसायचा. त्या वर्षी तुझा फोन आला. "सुमे, एकदा ये वो पाह्याले."

मी आले. आणि मला तिथलं सगळं किळसवाणं वाटलं, हे मी तेव्हाही लपवलं नाही, आताही लपवत नाही. पायवाटेच्या कडेने लोक हागून ठेवलेले. कळकट ग्लासातला चहा. भोंग्यांवर एकावर एक तीन गाणी. मेणबत्त्यांचं मेण वितळून पायऱ्यांवर पसरलेलं, ते चपलेला चिकटायचं आणि त्याला पुन्हा केस, कागद, धूळ. मी रुमाल नाकाला लावूनच उभी होते.

"तुले सारंच घान दिसते वो," तू हसलीस. "दिवसभर लोकायचं मूत तपासतं, अन् अठी नाक धरतं."

"लॅबमध्ये हातमोजे असतात."

"मंग घालून याचं होतं."

अग्नेसबाई पोट धरून हसली. "जा वत्सलाबाई," ती म्हणाली, "बहीन आली तं दोघी वर जाऊन या. मी पाह्यतो दुकान."

वर तर आणखी वाईट. पुतळ्याच्या पायाचा अंगठा आपल्या सुपाएवढा. त्या अंगठ्यावर चढून पोरं फोटो काढत होती. चौथऱ्याच्या कोपऱ्यात खर्रा-तंबाखूच्या पिचकाऱ्या. नारळाचं पाणी आणि कुजलेली फुलं मिळून एक बुळबुळीत थर झाला होता. तुझेच झेंडू, ताई, त्या राड्यात. मी तुला म्हणणार होते, की बघ, तुझ्या फुलांचं हे होतं. मी वळले, तर तू मान वर करत होतीस. पायापासून गुडघ्यापर्यंत, मग पोटापर्यंत, मग हात, आणि शेवटी तोंड. पदर डोक्यावरून मागे पडला तरी तुला कळलं नाही. मग तू त्या घाणीतच गुडघे टेकलेस आणि रडायला लागलीस. हुंदके नव्हते. तोंड उघडं, आणि पाणी नुसतं वाहत होतं.

"काय झालं ताई?"

"काही नाही व. थांब."

मी थांबले. लोक वळून बघत होते. बऱ्याच वेळाने तू म्हणालीस, "केवढी मोठी बाई आहे वो. अन् उभी आहे. कोनी तिले बस म्हनत नाही, उठ म्हनत नाही, चाय ठेव म्हनत नाही."

मला हसू आलं. "मग त्यात रडायचं काय?"

"मले काय मालूम? आलं रडू."

तेवढंच. तुला मूलबाळ नाही म्हणून तू तिथे काही मागायला गेली असशील असं लोक नंतर म्हणाले. पन्नाशी उलटलेल्या बाईने! मी शेजारी उभी होते. तू काही मागितलं नाहीस. तुझे हातसुद्धा जोडलेले नव्हते. ते मांडीवर पडले होते, झेंडूच्या देठांनी काळे झालेले.

तिथेच मौजमजेला आलेल्या तुझ्या गावच्या एका माणसाने तुझा व्हिडिओ काढला. आपल्याला पत्ताही लागला नाही. रात्रीपर्यंत तो गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर होता. वर लिहिलं होतं, 'आपल्या गावच्या आयाबहिणी कुठे चालल्या बघा.' आणि तो सगळ्यांत जास्त ठिकाणी पुढे पाठवला तुझ्या पुंडलिकने. अकोल्यात जठारपेठेत माझ्याखाली राहणाऱ्या बाईच्या मोबाईलवरसुद्धा तो आला. तिने मला दाखवला. "ओळखीच्या आहेत का हो?" "माझी बहीण आहे," मी म्हणाले. तिने मोबाईल असा पटकन मागे घेतला, जसा काही मी तो चाटणार होते.

त्या आठवड्यात देवळाच्या सभामंडपात बैठक ठेवली. मी सकाळच्या गाडीने आले. तू चुलीपाशी बसली होतीस आणि भाऊजी अंगणात. मी तुला सोपी वाट सांगितली. आजही मला ती चुकीची वाटत नाही. मी म्हणाले, "ताई, एकच वाक्य बोल. मी फुलं विकायला गेले होते, खाली पडलेली फुलं वेचत होते, म्हणून वाकले. संपलं. कोणाची छाती आहे पुढे बोलायची?"

"मी काही येचत नव्हती."

"मला माहीत आहे. त्यांना कुठे माहीत आहे?"

"मले माहीत आहे ना."

"ताई, या लोकांसाठी खरं कशाला खर्च करतेस?"

तू चुलीतलं लाकूड पुढे सारलंस. "त्यायच्यासाठी नाही व. येवढ्या वर्साची मी एकदा पोटभर रडली. तेबी नाही म्हनू?"

मी चिडून उठले. बैठकीत पुंडलिकने तुला तेच वाक्य देऊ केलं, जसंच्या तसं. हे मला अजून सलतं, की त्या दिवशी माझं आणि पुंडलिकचं म्हणणं एकच होतं.

"वयनी," तो गोड आवाजात म्हणाला, "एक गोष्ट बोला फक्त. फुलं इकाले गेली होती, बाकी काही नाही. विषय संपला."

"फुलं इकाले गेलीच होती," तू म्हणालीस. "पन तवा इकून नव्हती राहिली. रडून राहिली होती."

"कोनापुढं?"

"त्या बाईपुढं."

"मंग देव बदलला म्हना ना सरळ."

"देव काय लुगडं आहे का बदलाले?"

"आपल्या देवीपुढं काहून नाही रडल्या मंग?"

"देवीपुढं मले थांबू कवा देता? हार उंबऱ्यावर ठेवाचा अन् मांग फिराचं. घडीभर उभी राह्यली तं मांगची लाईन ओरडते."

मागे बसलेल्या दोन बायका खुदकन हसल्या. ताई, मला वाटतं त्या हसण्यानेच तुझा घात केला. तू रडलीस हे कदाचित त्यांनी पचवलं असतं. तुझ्या बोलण्यावर बायका हसल्या, हे त्यांना पचलं नाही. पुंडलिकचा चेहरा असा झाला जसा कोणी भरसभेत त्याच्या धोतराला हात घातला. आणि भाऊजी? तुझा नवरा? ते खांबाजवळ बसून काडीने जमिनीवर रेघोट्या ओढत होते. मला त्यांचीही किळस आली त्या दिवशी.

नंतरचं तू मला फोनवर तुकड्यातुकड्यांनी सांगत गेलीस. देवळाचा हार दुसऱ्या कोणाकडे गेला. फुलं तोडायला येणाऱ्या बायका यायच्या थांबल्या. संक्रांतीला तू हळदीकुंकवाचं बोलावणं केलंस, वाणाला प्लास्टिकचे लाल कंगवे आणलेस, आणि एकही बाई आली नाही. "कंगवे तुले पाठवतो," तू म्हणालीस. "तुह्या लॅबमंधल्या पोट्ट्याइले दे." मी ते वाटले. कोणाला सांगितलं नाही कुठले.

इतकं होऊनही पुढच्या वर्षी तू टेकडीला निघालीस. नेहमीचा टेम्पोवाला येईना, म्हणून तू मला बोलावलंस आणि आपण दोघींनी टोपल्या एसटीच्या टपावर चढवल्या. मी वाटभर कुरकुरत होते. तुला फक्त मालाची काळजी, वरचा माल उन्हाने मान टाकेल म्हणून.

आणि तिथे काय झालं? यात्रेच्या तळाला एका प्रार्थनामंडळाने स्वतःचा मांडव टाकला होता. वरच्या फादरांना त्याचा पत्ताही नव्हता असं अग्नेसबाई नंतर म्हणाली. त्या मांडवातला एक माणूस, पांढरा शर्ट, केसांना तेल, तुझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि मोबाईल पुढे केला. तोच व्हिडिओ.

"या तुम्हीच ना ताई? आम्ही तुम्हाला केवढं शोधलं! चला, स्टेजवर चला. साक्ष द्या."

"काय द्या?"

"साक्ष. तुमचं जीवन कसं बदललं ते सांगायचं. दोन मिनिटं. लोकांना फार आशीर्वाद मिळेल."

"माहं काही बदललं नाही जी," तू म्हणालीस. "देवळाचा हार बंद झाला तेवढा."

त्याचे डोळे चमकले. "वा! छळ सोसला म्हणा ना! हेच, हेच सांगा." त्याने तुझा दंड धरला. खरोखर धरला. मी मधे पडायच्या आत अग्नेसबाई मेणबत्त्यांचा पुडा टाकून उठली.

"हात काढ," ती म्हणाली. "मी जन्माची ख्रिस्ती हावो, मले कदी बोलावलं का तुया स्टेजवर? हिलेच काहून? हिच्यात तुले इकाले काय भेटलं?"

तो हसत राहिला. त्या माणसाचं ते हसू पुंडलिकच्या रुमालापेक्षा वेगळं नव्हतं. गर्दी जमली. कोणीतरी माईकसुद्धा घेऊन आलं. आणि तू माईकमध्ये बोललीस, ताई. स्पष्ट, मोठ्याने.

"मी फुलं इकाले आली. कोनाले फुलं पाह्यजे असन तं सांगा."

परतीच्या गाडीत मी तुझ्यावर तुटून पडले. तो सगळा रस्ता मला आठवतोय. कापूस वेचून झालेली रानं, पऱ्हाट्या तशाच उभ्या, आणि खिडकीला डोकं टेकून बसलेली तू. "हेच वाक्य!" मी म्हणाले. "हेच तुला गावात बोलायला सांगितलं होतं. तिथे म्हणाली असतीस तर सुटली असतीस. तिथे जीभ उचलली नाही, आणि इथे, जिथे काही गरज नव्हती तिथे, माईकवर!"

"तथी ते खोटं होतं."

"आणि इथे?"

"अठी खरं होतं."

"शब्द तर तेच होते!"

तू माझ्याकडे बघितलंस, लहानपणी माझ्या वेण्या नीट बसत नसल्या की बघायचीस तशी. "सुमे, मी रडली बी अन् फुलं बी इकली. ते म्हने रडली नाही म्हन. हे म्हने इकली नाही म्हन. म्या दोन्ही केलं ना? मंग?"

"मग काय मिळालं तुला त्यातून?"

"तुह्या डोक्यात काही जात नाही," तू म्हणालीस आणि तोंड फिरवलंस. अमरावतीच्या स्टँडवर तू भातकुलीच्या गाडीत चढलीस, मी अकोल्याच्या. त्यानंतर फोन झाले. पाणी, पाऊस, तुझी गुडघेदुखी, माझं बीपी. पण ते भांडण तिथेच राहिलं, ताई. मला वाटलं होतं दिवाळीत निवांत बसू तेव्हा पुन्हा काढू. माझ्याकडे मुद्दे होते. अजून आहेत. मी अजूनही म्हणते, की खोट्या लोकांपुढे एक खोटं बोलून माणूस सुखाने जगत असेल तर काय बिघडलं?

आणि असं म्हणताना मला माझंच सामान आठवतं. नवऱ्याच्या घरून मी निघून आले तेव्हा सगळे मला म्हणत होते, नांद. आई म्हणत होती, भाऊ म्हणत होता. तू एकटी टेम्पो घेऊन आलीस. झेंडूच्या रिकाम्या क्रेटमध्ये माझे कपडे, माझी पुस्तकं, माझा मिक्सर टाकलास. माझ्या सासूने दारात तुला विचारलं, "कारन काय सांगाचं आमी लोकायले?" तू म्हणालीस, "सांगू नोका." आणि ड्रायव्हरला म्हणालीस, चाल. त्यानंतर इतक्या वर्षांत कोणी माझ्याबद्दल तुला विचारलं असेल, पण तू कोणाला खुलासा दिला नाहीस. मलाही मागितला नाहीस. माझी नोकरी, जठारपेठेतली माझी खोली, माझं सगळं त्यावर उभं आहे. हे तुला मी कधी बोलून दाखवलं नाही. बोलले असते तर तू म्हणाली असतीस, "बह्याड आहे का?"

तू गेलीस ती सकाळी, फुलं तोडता तोडता, झेंडूच्या ओळीत. डॉक्टर म्हणाले हृदय. भाऊजींना तू पाठमोरी दिसलीस. त्यांना वाटलं वाकून तोडतेस.

मी पोचले तेव्हा तुला आंघोळ घालायची तयारी चालली होती. अंगणात साडीचा आडोसा केला होता. तुझी जाऊ, पुंडलिकची बायको, पाणी घालत होती. मी आत शिरले आणि बघितलं, की तिचा हात तुझ्या गळ्यावरून फिरतोय. आधी मला वाटलं ती तुला चोळतेय. मग तिची बोटं तुझ्या काळ्या पोतीखाली गेली, मानेच्या मागे गेली, ब्लाऊजच्या काठात गेली. ती शोधत होती, ताई. क्रूस आहे का ते. मेलेल्या बाईच्या अंगावर. आणि मग तिने आडोशाकडे तोंड करून हळूच सांगितलं, "काही नाही जी."

आडोशापलीकडे पुंडलिक उभा होता. मला त्याच्या चपला दिसत होत्या.

मी तिच्या हातातला तांब्या काढून घेतला. "बाहेर हो," मी म्हणाले. ती म्हणाली, "रीत असते, जावेनं..." मी म्हणाले, "बाहेर हो, नाहीतर हे पाणी तुझ्या अंगावर टाकीन." ती गेली. तुला मी एकटीने आंघोळ घातली. हातमोजे नव्हते. तुझ्या बोटांवरचा काळा डाग मी किती घासला, पण तो निघाला नाही. मग मी घासायचं सोडून दिलं.

त्याच दिवशी आणखी एक गोष्ट झाली, ती मला तेरवीच्या संध्याकाळी कळली. पाहुणे गेले होते, मांडव सोडणं चाललं होतं. भाऊजी माझ्याजवळ येऊन बसले. या माणसाशी मी दीड वर्षात धड बोलले नव्हते.

"सुमनबाई," ते म्हणाले, "ते मेनबत्तीवाली बाई आली होती म्हने त्या दिवशी."

"कोणी सांगितलं?"

"आता मांडववाला सांगून राहिला. दोन गाड्या बदलून आली. पुंडलिकनं तिले फाटकातूनच वापस लावलं म्हने. म्हने तुमचं अठी काय काम."

माझ्या तोंडात नुसती कडू थुंकी जमली.

"मी घरातच होतो," भाऊजी म्हणाले. "दहा पावलावर." मग म्हणाले, "मले तिच्याकडे नेशीन का?"

रविवारी आम्ही गेलो. यात्रा नव्हती, तरी सुट्टीची गर्दी होती. अग्नेसबाई आपल्या जागेवर बसली होती. शेजारची जागा रिकामी. भाऊजी तिच्यासमोर उभे राहिले. टोपी काढून म्हणाले, "मी वत्सलाचा मालक." आणि मग, "बाई, त्या दिवशी चुकलं आमचं."

अग्नेसबाईने त्यांच्याकडे बघितलं. तिने त्यांना सोडलं नाही, ताई. "लय चुकलं," ती म्हणाली. "नुसतं त्या दिवशी नाही." मग तिने रिकामं पोतं झटकून अंथरलं आणि म्हणाली, "बसा. चाय घ्या." भाऊजी बसले. त्या कळकट ग्लासातला चहा मीही प्यायले. चव वाईटच होती.

नंतर त्यांनी विचारलं, "वर कोठी उभी होती ते?"

मी त्यांना वर नेलं. काही बदललं नव्हतं. तेच मेण, तीच पिचकारी, अंगठ्यावर चढलेली तसलीच पोरं. मी जागा दाखवली. भाऊजी तिथे जाऊन उभे राहिले आणि हळूहळू मान वर केली. त्यांना दम लागला होता. वर ती बाई उभी, हात पसरून, आकाशात.

"वत्सला," भाऊजी म्हणाले.

हाक मारावी तसं. मोठ्याने. तुमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, मी त्यांच्या तोंडून तुझं नाव हाकेसारखं कधी ऐकलं नव्हतं. तू ऐकलं होतंस का, मला माहीत नाही. त्यांनी पुन्हा हाक मारली. आवाज फाटला.

मागे एक कुटुंब फोटोसाठी ओळीने उभं होतं. त्यातल्या बाईने मोबाईल खाली घेतला आणि वैतागून म्हणाली, "काका, जरा बाजूला व्हा ना. फोटोत येऊन राहिले तुमी."

भाऊजी हलले नाहीत.